इन्व्हर्टरला फ्यूज आहे, पण तो बसवलाय कुठे? जागा चुकली तर काय होतं?

पावसाळा सुरू झाला, जगबुडीचं पाणी वाढलं की खेडकरांना आणखी एका गोष्टीची तयारी ठेवावी लागते, ती म्हणजे लाइट जाण्याची. मग घरातला इन्व्हर्टर कामाला लागतो. याच तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गालगत लोटे-परशुराम एमआयडीसी आहे. अशा औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत मोटारींचा वेग कमी-जास्त करायला 'ड्राइव्ह' नावाची यंत्रं असतात.

इन्व्हर्टर असो वा ड्राइव्ह, दोन्ही 'पॉवर इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर'च. म्हणजे एसीचं डीसी किंवा डीसीचं एसी करणारी यंत्रणा. दोन्हींना फ्यूज लागतो. पण फ्यूज असणं पुरेसं नाही. तो कुठे आहे, यावर सगळं ठरतं.

फ्यूज नक्की कोणाला वाचवतो?

फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की त्यातली तार वितळते आणि सर्किट तुटतं. पण मागून येणारी वीज तो तोडतो, पुढे साठलेली नाही. म्हणूनच पहिला नियम असा, की वीज जिथून येते त्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ फ्यूज बसवायचा.

घरचा इन्व्हर्टर : बॅटरीजवळ

८०० वॅटचा लोड २३० व्होल्टवर साधारण साडेतीन अँपिअर घेतो. पण तोच लोड १२ व्होल्टच्या बॅटरीतून घ्यायचा तर सुमारे ६७ अँपिअर लागतात. इन्व्हर्टरमधली घट धरली तर ८० च्या आसपास. शॉर्ट सर्किट झालं तर चांगली बॅटरी क्षणात हजार अँपिअरच्या पुढे जाऊ शकते.

आता समजा फ्यूज इन्व्हर्टरच्या टोकाला आहे आणि उंदराने मधली वायर कुरतडली. शॉर्ट झाला तर तो प्रवाह फ्यूजमधून जाणारच नाही. बॅटरी वायर तापवत राहील आणि आग लागू शकेल. म्हणून हा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलजवळ हवा. तो बंदिस्त प्रकारचाच घ्यावा, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी धोक्याची ठरते.

डीसीला साधा फ्यूज का चालत नाही?

आपल्याकडचा ५० हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्यामुळे फ्यूज उडताना पेटलेली ठिणगी विझायला मदत होते. डीसी शून्यावर येतच नाही. तार वितळली तरी मधल्या फटीतून ठिणगी पेटती राहू शकते. म्हणून फ्यूजवर डीसी व्होल्टेज लिहिलेलं आहे का, ते पाहावं.

सोलर : प्रत्येक रांगेला वेगळा

सोलर पॅनलचा शॉर्ट सर्किट प्रवाह नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडाच जास्त असतो. त्यामुळे एकट्या रांगेत फ्यूज उडतच नाही. पण तीन किंवा जास्त रांगा समांतर जोडल्या आणि एकीत बिघाड झाला, तर बाकीच्या रांगा आपला प्रवाह तिच्यात उलटा ढकलतात. तिथे प्रत्येक रांगेला स्वतंत्र फ्यूज लागतो.

कारखान्यातला ड्राइव्ह : इथे खरी कसोटी

ड्राइव्ह आधी डायोडने एसीचं डीसी करतो, ते कपॅसिटरमध्ये साठवतो आणि मग आयजीबीटी नावाच्या स्विचने मोटारीला हवा तसा एसी देतो. डायोड शॉर्ट झाला तर बाहेरून येणाऱ्या तिन्ही फेजवरचे फ्यूज काम करतात. मात्र ते साधे नसतात. त्यांत चांदीच्या खाचा पाडलेल्या पट्ट्या आणि भोवती क्वार्ट्झची वाळू असते. वितळून तुटेपर्यंत ते जितकी ऊर्जा पुढे जाऊ देतात, ती डायोडच्या सहनशक्तीपेक्षा कमी असावी लागते. नाहीतर फ्यूज वाचवायला डायोड उडाला, असं व्हायचं.

आयजीबीटी शॉर्ट झाला तर मात्र कपॅसिटर काही मायक्रोसेकंदांतच आपली ऊर्जा ओततो. इनपुटचा फ्यूज मागेच राहतो. मग या दोघांच्या मध्येच फ्यूज का बसवत नाहीत? कारण त्या जोडणीतली थोडीशी जास्त लांबीही स्विचिंगच्या वेळी व्होल्टेजचे झटके निर्माण करते. त्यामुळे अनेक ड्राइव्हमध्ये हे काम आयजीबीटीवर नजर ठेवणारं सर्किट करतं. ते साधारण १० मायक्रोसेकंदांत स्विच बंद करतं. मोठ्या यंत्रांत तिथे खास फ्यूज बसवतात. तो आयजीबीटी वाचवण्यासाठी नसतो, तो फुटून आग लागू नये म्हणून असतो.

घरी काय तपासायचं?

बॅटरीजवळ फ्यूज आहे का, हे वायरमनला विचारा. त्याचा आकडा नेहमीच्या प्रवाहापेक्षा जास्त, पण वायरच्या क्षमतेपेक्षा कमी हवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार कधीच लावू नका.

आणि एक लक्षात ठेवा, फ्यूज माणसाला शॉकपासून वाचवत नाही. ते काम ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीचं. जुलै २०२१ सारखा पूर आला आणि पाणी घरात शिरायची चिन्हं दिसली, तर जमीन कोरडी असतानाच इन्व्हर्टर आणि मेन स्विच बंद करा.