तीन वर्षांचे रविवार

बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाची गोष्ट कोणाला ठाऊक नाही? पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. चौसष्टाव्या घराशी येईतो राजाची कोठारे रिकामी! त्याच पटाला आणखी तीन घरे जोडा आणि सगळे दाणे मोजा. ते भरतील १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकवीस अंक! ‘लीलावती’तली नावे परार्धाशी, म्हणजे अठराव्या अंकाशी, संपतात, तेव्हा ही संख्या वाचायची कशी, हे मला विचारू नका.

पॅरिसच्या मेर्सेन नावाच्या ख्रिस्ती साधूने १६४४ साली लिहून टाकले की ही संख्या मूळ आहे, तिला कोणाचाही भाग जात नाही. पुरावा मात्र दिला नाही. दोनशे बत्तीस वर्षांनी, १८७६ मध्ये, ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केले की साधुमहाराज चुकले. पण भाग कशाने जातो, हे त्याच्या रीतीतून निघेना. घरात चोर शिरला आहे हे नक्की. तो कोण, ते कळत नाही!

मग ३१ ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक भरली होती. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल उठले, फळ्यापाशी गेले आणि एक शब्द न बोलता दोनाची दुप्पट करीत निघाले. सदुसष्टाव्या घातापाशी थांबून त्यांनी एक वजा केला. मग फळ्याच्या कोऱ्या बाजूला त्यांनी १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ असा गुणाकार मांडला आणि तो शेवटपर्यंत केला. दोन्ही उत्तरे एकच! कोल मुकाट्याने जागेवर येऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

ही हकीकत बेल या गणितज्ञाने पुष्कळ वर्षांनी छापली. बेलसाहेबांना गोष्ट रंगवण्याची हौस दांडगी. तेव्हा मौनाचा भाग थोडा सोडून द्यावा. भाजक मात्र खरे. हे शोधायला किती काळ लागला, असे बेलने १९११ मध्ये विचारले, तेव्हा कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

या संख्येचा भाजक १३४ च्या पटीहून एकाने अधिक असला पाहिजे, हे फर्माच्या १६४० मधील नियमावरून कळते. पण धाकटा भाजक त्या रांगेत बसला होता १४४५५८० व्या जागी! कोलनी आणखी अटी लावून रांग छाटली, म्हणून तो हाती लागला. आजचे संगणक हे काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करतात.

गेल्या पाडव्याला दुपारी, घरची मंडळी वामकुक्षी घेत असताना, मी तो गुणाकार जुन्या हिशेबाच्या वहीच्या पाठीवर मांडून पाहिला. मग आजोबांनी शिकवलेला नवाचा ताळा. एका भाजकाच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, म्हणजे पुन्हा १. माझ्या उत्तराचाही १. ताळा जुळला! मी खुशीत पुस्तकाशी पडताळले, तर मधले दोन अंक उलटसुलट पडलेले. अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला कळत नाही, हे आजोबांनी सांगितले नव्हते. पान फाडले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून बसलो. चहा झाला तरी उठलो नाही.