गोधडीचा धावदोरा आणि तांड्यावरचा कशिदा

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, उमरखेड तालुक्यात ढाणकी हे बाजारपेठेचे गाव आहे. पैनगंगेच्या अलीकडचा हा कापसाचा मुलूख. नदी ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. या पट्ट्यात सुईची दोन घराणी पिढ्यान्पिढ्या शेजारी नांदत आली आहेत. शेतकरी घरांतील गोधडी हे एक, आणि बंजारा तांड्यांवरील आरसे-कवड्यांचा कशिदा हे दुसरे. शहरांत अलीकडे गोधडी हा छंद म्हणून शिवला जाऊ लागला आहे. ठिगळे जोडता जोडता हात बसला की पुष्कळांना त्यावर चार फुले, एखादी वेल भरावीशी वाटते. गोधडी येणाऱ्याला भरतकाम आपोआप येते, असा एक समज आहे. तो निम्माच खरा आहे.

गोधडी आणि रजई

वाकळ, गोधडी, दुपटे ही नावे प्रदेशाप्रमाणे आणि आकाराप्रमाणे बदलतात; कृती मात्र एकच. जुनी लुगडी, धोतरे, चादरी एकावर एक पसरायच्या, वर रंगीत तुकड्यांचा थर द्यायचा आणि सगळे थर धावदोऱ्याने एकजीव करायचे. पिंजलेला कापूस भरतात तो रजईत किंवा लेपात. ज्या शिवारात कापूस हेच मुख्य नगदी पीक, तेथेही घरातली गोधडी कापसाविनाच शिवली जाते. यात विसंगती काही नाही. कापूस बाजारात जायचा, अंगावर येते ते वापरून विरलेले कापड. धुतले की ते झटकन वाळते, आणि भरलेल्या कापसासारखे त्याचे गोळे होत नाहीत. तान्ह्या मुलाचे दुपटे आजीच्या मऊ लुगड्याचे करण्यामागेही हाच व्यवहार आहे.

वऱ्हाडाला तर ठिगळांच्या वस्त्राचे वावडे कधीच नव्हते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगे महाराजांना लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणून ओळखत, ते त्यांच्या अंगावरच्या जोडवस्त्रामुळेच.

गोधडीतील श्रमाचा अंदाज सहसा कोणी करत नाही. दीड मीटर रुंद आणि दोन मीटर लांब गोधडी घेतली आणि धावदोऱ्याच्या दोन ओळींत दोन सेंटीमीटरचे, म्हणजे साधारण एका बोटाचे अंतर ठेवले, तर ७५ ओळी होतात. प्रत्येक ओळ दोन मीटरची, म्हणजे एकूण १५० मीटर शिवण. एक टाका आणि त्यापुढची फट मिळून एक सेंटीमीटर धरले, तर हा हिशेब १५ हजार टाक्यांवर जातो. प्रदर्शनात भाव करताना हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

जगात अन्यत्रही जुन्या कापडाला असाच दुसरा जन्म मिळाला आहे. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानातील रल्ली ही गोधडीचीच भावंडे होत. उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी कडेपासून आत, गोल गोल फिरत मध्याकडे शिवत नेतात आणि कोपऱ्यांना कापडाची घडीची फुले लावतात. अमेरिकेत अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या. तोवर त्या अंथरुणावरच होत्या.

तांड्यावरचा टाका

पुसद, दिग्रस, उमरखेड हा बंजारा समाजाच्या दाट वस्तीचा भाग. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे. सेवालाल महाराजांचे पोहरादेवी हे तीर्थस्थान शेजारच्या वाशीम जिल्ह्यात आहे. बैलांच्या तांड्यावर मीठ आणि धान्य वाहून नेणारा हा समाज. रेल्वे आली आणि तो व्यापार बसला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची झळ अनेक भटक्या समाजांबरोबर बंजाऱ्यांनाही लागली. तो डाग कायद्यातून पुसला जायला १९५२ साल उजाडावे लागले. घर पाठीवर असलेल्या माणसांची संपत्तीही अंगावर वागवता येईल अशीच असणार. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, कांचळी म्हणजे पाठीवर बंदांनी बांधायची चोळी, डोईवरची ओढणी, झोळ्या, पिशव्या, घागर ठेवण्याची चुंबळ आणि तिला जोडलेला भरीव कशिद्याचा पदर या सगळ्यांवर सुई फिरलेली असते. जाड सुती कापडावर लाल, निळा, पिवळा, पांढरा दोरा. जोडीला आरसे, कवड्या, नाणी, शिसाचे मणी आणि लोकरीचे गोंडे.

या कामाचे एक वैशिष्ट्य छंद म्हणून गोधडी शिवणाऱ्यांना लगेच जाणवेल. बंजारा कशिद्यात ठिगळकाम आणि भरतकाम वेगळे काढता येत नाही. रंगीत कापडाचे चौकोन-त्रिकोण आधी जोडले जातात, जोडाची रेघ टाक्यांनी झाकली जाते आणि दोन थरांमधला धावदोराच पुढे नक्षी होतो. गोधडी आणि कशिदा एकाच वेळी शिकायचे असेल, तर याहून जवळचा पाठ दुसरीकडे शोधण्याची गरज नाही.

कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात, पूर्वी घोरपड्यांचे मराठा संस्थान असलेल्या संडूर येथील लंबाणी कशिद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेथील टाक्यांना किलण, वेले, मकी, नकरा, जोल्या अशी गोरमाटी नावे आहेत. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० संस्कृती गटाच्या बैठकीच्या निमित्ताने संडूरच्या कारागीर स्त्रियांनी केलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडल्या गेल्या आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. विदर्भातील तांड्यांच्या कामाचे नाव तेवढे झालेले नाही. पोहरादेवी येथील बंजारा विरासत संग्रहालयाचे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्‌घाटन झाले, ही त्या दिशेने पडलेली जमेची बाजू.

हाताची सवय मोडावी लागते

गोधडी शिवणारा हात भरतकामाकडे वळला की पहिली अडचण येते ती ताणाची. गोधडीत दोरा ओढून घट्ट करायचा असतो. त्या ओढीनेच थर एकमेकांना धरतात आणि कापडावर बारीक सुरकुत्यांची लाट उमटते. गोधडीचे सौंदर्य बरेचसे त्या लाटेत आहे. एकेरी कापडावर हीच ओढ लावली तर फूल आक्रसते, कापड चोळामोळा होते आणि इस्त्रीनेही ते सरळ होत नाही. भरतकामात दोरा कापडावर नुसता विसावला पाहिजे.

दुसरी अडचण सुईच्या चालीची. गोधडी मांडीवर किंवा जमिनीवर पसरून सुईवर एकदम चार-पाच टाके घेतले जातात. रिंगमध्ये ताणलेल्या कापडावर तसे करता येत नाही. एकदा सुई वरून खाली, एकदा खालून वर, असे दोन फेऱ्यांत काम चालते. सुरुवातीला हे फार संथ वाटते आणि नेमके याच टप्प्यावर पुष्कळजण भरतकाम सोडून देतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे पहिले काही आठवडे रिंग बाजूला ठेवून जाड मांजरपाटावर हातातच टाके घालावेत. रिंग नंतर आली तरी काही बिघडत नाही. मात्र ती वापरू लागल्यावर काम थांबवताना दरवेळी काढून ठेवावी. नाहीतर तिचा गोल व्रण कापडावर कायमचा राहतो.

सामान थोडकेच लागते. भरतकामाच्या सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक, हे उलटे गणित पहिल्यांदाच समजून घ्यावे. सुती दोऱ्याची लडी साधारणतः आठ मीटरची आणि सहा पदरी असते. नाजूक कामाला त्यातले दोन पदर, ठसठशीत कामाला तीन किंवा चार. पदर एकेक करून सोडवावेत आणि पुन्हा एकत्र ओवावेत. तीन पदर एकदम ओढले की गुंता ठरलेला. दोरा हातभराहून लांब घेऊ नये. लांब दोऱ्याने वेळ वाचतो असे वाटते, पण शेवटी तो तंतू सुटून झिजतो.

टाक्यांचा क्रम

धावदोरा येत असेल तर त्याची दुहेरी आवृत्ती आधी करावी. एक ओळ धावदोऱ्याची घालायची आणि परत येताना सुटलेल्या फटी भरायच्या. दोन्ही बाजूंनी सारखी अखंड रेघ मिळते. धारवाडकडच्या कसुतीत यालाच गवंती म्हणतात. गोधडी शिवणाऱ्याचे टाके मुळात समान अंतराचे असल्याने हा टाका त्याला एका बैठकीत जमतो.

यानंतर साखळी टाका. तो वळणाला सोपा जातो आणि चुकला तर ओढून सहज उसवता येतो. मग काजटाका. ठिगळाची कड दुमडून काजटाक्याने बसवली की ती सुटत नाही, म्हणून गोधडीला त्याचा थेट उपयोग. मच्छी टाका चौथा. दोन ठिगळांच्या जोडावर तो तिरपा-तिरपा चालवला की जोड लपतो आणि मजबूतही होतो. तांड्यावरच्या कामात जोडपट्ट्यांवर अशी तिरकस, एकमेकांत गुंतलेली शिवण पुष्कळ दिसते. भरीव टाका आणि गाठीचा टाका मागाहून घ्यावेत. पुस्तकांत बहुधा ते आधी दिलेले असतात, कारण फुले-पाने दिसायला लवकर हवी असतात.

आरसा बसवणे हे सर्वांत कुतूहलाचे. आरशाला भोके नसतात. त्यावर आधी दोन आडवे आणि दोन उभे दोरे असे घट्ट टाकायचे की चौकटीसारखी जाळी होते. मग तीच जाळी तिरपी करून पुन्हा एकदा. या आठ दोऱ्यांच्या पिंजऱ्यात आरसा अडकतो. त्यानंतर सुई एकदा जाळीखालून आणि एकदा आरशाच्या कडेला कापडातून घेत गोल फिरायचे. दोरा जाळीला बाहेर खेचतो आणि मध्ये आरसा उघडा पडतो. पहिले चार दोरे सैल राहिले तर पुढचे सगळे कष्ट फुकट. आरशाची धार हाताने तपासावी. ती खरबरीत असेल तर दोरा काही महिन्यांत कापला जातो. तान्ह्या मुलाच्या दुपट्यावर आरसे आणि मणी लावू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

भरतकाम गोधडीच्या कोणत्या टप्प्यावर करायचे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. धावदोरा सोडून बाकी सगळे टाके वरच्या एकट्या थरावर, थर जोडण्यापूर्वीच घालावेत. म्हणजे गाठी आणि दोऱ्यांची टोके आत झाकली जातात. त्यानंतर कच्चे टाके घालून थर धरावेत आणि धावदोरा भरलेल्या फुलांवरून न नेता त्यांच्या कडेकडेने न्यावा. लाल आणि गडद निळा दोरा वापरण्याआधी कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. रंग उतरला तर पंधरा हजार टाक्यांची गोधडी पहिल्याच धुण्यात गुलाबी होते.

जुना फेटिया कापावा का

जुन्या बंजारा वस्त्रांना शहरांत मागणी आहे. फेटियाचे पट्टे आणि कांचळीचे तुकडे कापून त्यांच्या पिशव्या, उशांचे अभ्रे, गोधडीची मधली ठिगळे केली जातात. व्यापाऱ्याच्या दृष्टीने एका वस्त्राच्या दहा वस्तू होतात. छंदिष्टालाही मोह होतो, कारण महिनोन्‌महिन्यांचे काम काही रुपयांत हाती येते. पण तांड्यांवर रोजच्या वापरात साडी आणि सलवार-कमीज आल्याला आता बराच काळ लोटला आहे. फेटिया उरला तो मुख्यतः वयस्क स्त्रियांच्या अंगावर आणि सणासमारंभात. या टाक्यांचे लिखित नमुने फारसे नाहीत. मुलगी आईच्या कांचळीकडे पाहून शिकत आली. वस्त्र कापले गेले की टाका कोणत्या टाक्याशेजारी येतो, कोपरा कसा वळवतात, मागची बाजू कशी सोडतात, हे सांगणारा शेवटचा पुरावा जातो. नक्षी हवी असेल तर अखंड वस्त्राचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे आणि टाका स्वतः घालावा. आधीच फाटलेला, उसवलेला तुकडा असेल तर तो गोधडीत बसवण्यास हरकत नाही. गोधडीचा धर्मच तो आहे. धडका फेटिया कापणे ही मात्र मोडतोड आहे, मग ती कितीही सुबक दिसो.

यंत्राने भरलेले, आरशाऐवजी चकचकीत प्लास्टिकच्या टिकल्या लावलेले कापडही बंजारा कशिदा म्हणून विकले जाते. ओळख सोपी आहे. कापड उलटे करावे: यंत्राच्या कामात मागे वेगळ्या दोऱ्याचे सारखे जाळे दिसते, हाताच्या कामात एकाच दोऱ्याची वाट दिसते, कुठे गाठ, कुठे उडी.

कोठे शिकावे

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये भरतकामाशी संबंधित अभ्यासक्रम आहेत. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचे ‘उमेद’ अभियान यांच्या बचत गटांतून गोधडी व कशिद्याच्या वस्तू तयार होतात. मुंबईतील ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनात अशा गटांच्या स्त्रिया स्वतः उपस्थित असतात आणि विकत घेण्याबरोबर विचारण्याचीही ती जागा आहे. वर्गात टाका समजतो. त्याचा वेग आणि ताण मात्र शेजारी बसूनच कळतो. उमरखेड-पुसद भागात नातेसंबंध असणाऱ्या शहरी वाचकांनी सुटीत एखाद्या तांड्यावरच्या जाणत्या बाईकडे दोन-चार दिवस बसावे, आणि तिच्या दिवसाची मजुरी आधी ठरवून रोख द्यावी. शेतीच्या हंगामात जाऊ नये. कापूस वेचणीच्या दिवसांत त्या बाईला सुई हातात घ्यायला सवड नसते. वेचणी आटोपल्यावर, उन्हाळ्याच्या दुपारी मात्र सावलीला गोधड्या निघतात.