निरोगी ओढ्याची नाडी

श्रोतेहो, वैद्याला आपण दुखणें आल्यावर बोलावतों. पण निरोगीपणीं आपली नाडी कशी चालते हें त्यास ठाऊक नसेल, तर बिघाड केवढा झाला हें तो कशावरून सांगणार? ओढ्यांचेंही तसेंच आहे. गांवाखालचें पाणी नासलें कीं आरडाओरड होते. रानांतल्या निर्मळ ओढ्याकडे कोण पाहतो? अशा एका ओढ्याची नित्य नोंद ठेवणाऱ्यांचा हा इतिहास आहे.

अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर संस्थानांत हबर्ड ब्रूक नांवाचा ओढा आहे. त्याच्या भोंवतालचें अरण्य तेथील वनखात्यानें १९५५ सालीं प्रयोगासाठीं राखून ठेवलें. तेथील खडक पाणी फारसें झिरपूं देत नाहीं. त्यामुळें पावसानें आणलेल्या व ओढ्यानें नेलेल्या पाण्याचा जमाखर्च चोख मांडतां येतो. त्रिकोणी खांचेचे बंधारे घालून प्रवाह मोजूं लागले. १९६३ सालीं बोरमन, लायकेन्स, जॉन्सन व पिअर्स या शास्त्रज्ञांनीं पाण्यांतील क्षारांचाही हिशेब आरंभिला.

लवकरच विलक्षण गोष्ट उघडकीस आली. त्या दूरच्या रानांतला पाऊसच आम्लयुक्त होता! मँचेस्टरच्या धुरकट हवेंत हा दोष रॉबर्ट अँगस स्मिथ यानें एकोणिसाव्या शतकांतच ओळखला होता. परंतु दूरच्या कारखान्यांचा गंधकी धूर वाऱ्यावर बसून निर्जन अरण्यांतही पोंचतो, हें अमेरिकेस येथें कळून आलें.

१९६५-६६ च्या हिवाळ्यांत एका खोऱ्यांतील सारीं झाडें तोडलीं व पुढें तीन वर्षें औषध फवारून पालवी फुटूं दिली नाहीं. ओढ्याचें पाणी वाढलें खरें. पण जमिनींतील नत्र धुपून त्यांत इतकें उतरलें कीं, पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडली गेली. शेजारचें अखंड खोरें तुलनेस होतें, म्हणूनच दोष कोणाचा याविषयीं संशय उरला नाहीं.

अशा पुराव्यांच्या बळावर १९९० सालीं अमेरिकेनें धुरावर कायद्यानें नियंत्रण घातलें. पाऊस सुधारूं लागला. ओढा मात्र तितक्या वेगानें सुधारेना. आम्लानें मातीतला चुना अनेक वर्षें धुवून नेला होता, हें १९९६ सालीं सिद्ध झालें. १९९९ सालीं एका खोऱ्यावर चुन्याचें खनिज हेलिकॉप्टरांतून पसरून त्याची भरपाई करून पाहिली.

श्रोतेहो, धूर थांबविण्यास कायदा पुरतो. गेलेली माती परत आणण्यास पिढ्या लागतात. म्हणून पाणी स्वच्छ असतांनाच त्याची वही उघडावी, आणि कांहीं घडत नाहीं म्हणून ती मिटूं नये.