घरात चार फुटी फिश टँक ठेवताय? कोकणात फिल्टर आणि हीटरचं गणित थोडं वेगळं आहे

पाणी गरम झालं तर माशांचं काय होतं, हे राजापूर तालुक्यातल्या नाटे गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेजारच्या जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाला साखरी नाटेच्या मच्छीमारांनी विरोध केला, तेव्हा समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्यामुळे मासळी दूर जाईल, ही त्यांची एक मोठी भीती होती. घरातल्या टाकीतही पाणी बिघडलं की माशांना त्रास होतोच. तिथे तर त्यांना दूर जायलाही जागा नसते.

म्हणून टँक घेण्याआधी हे समजून घ्या.

आधी टाकीचं माप

४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत साधारण २५५ लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन २५५ किलो. काच आणि वाळू वेगळी. त्यामुळे स्टँड भक्कम हवा.

फिल्टर नेमकं करतो काय?

फिल्टर तरंगणारा कचरा अडवतो, पण त्याचं खरं काम डोळ्यांना दिसत नाही. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो. तो माशांसाठी विष आहे. फिल्टरच्या स्पंजवर आणि सिरॅमिक रिंगवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असतं. नायट्रेट मात्र बरंच सौम्य असतं आणि दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदललं की आटोक्यात राहतं.

हे जिवाणू वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. टाकी भरली आणि दुसऱ्याच दिवशी वीस मासे सोडले, तर ते मरण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

तासाला टाकीतलं पाणी ४ ते ६ वेळा फिरवेल असा फिल्टर घ्या. आपल्या टाकीसाठी तो ताशी १,००० ते १,५०० लिटरचा होतो. एवढ्या टाकीला कॅनिस्टर फिल्टर सोयीचा, आणि जोडीला एअर पंपवर चालणारा एक साधा स्पंज फिल्टर.

स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात पिळा. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. त्यातल्या क्लोरीनने फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि माशांनाही इजा होते. म्हणून टाकीत नवं पाणी घालतानाही आधी क्लोरीन काढणारं औषध वापरा.

हीटर लागतो का?

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जानेवारीतलं सरासरी किमान तापमान १९ अंशांच्या आसपास असतं. घरातलं पाणी त्याहून उबदार राहतं. गोल्डफिशला हीटर नको. गप्पी, मॉली, एंजल यांना २४ ते २८ अंश चालतात, त्यांच्यासाठी थंडीचे काही आठवडे हीटर पुरतो. डिस्कस पाळणार असाल तर मात्र २८ ते ३० अंश लागतात, तिथे हीटर हवाच.

थंड प्रदेशात लिटरमागे १ वॉट असा हिशेब करतात. आपल्याकडे पाणी फार तर ४-५ अंशांनी वाढवायचं असतं, म्हणून २०० वॉट पुरेसे आहेत. २०० चा एक घेण्यापेक्षा १०० चे दोन घ्या. एकाचा थर्मोस्टॅट अडकून तो चालूच राहिला, तरी पाणी उकळायला लागणार नाही. हीटर फिल्टरच्या धारेजवळ लावा आणि थर्मामीटर टाकीच्या दुसऱ्या टोकाला. पाणी बदलताना आधी प्लग काढा. सगळी उपकरणं अर्थिंग आणि ईएलसीबी असलेल्या लाइनवरच जोडा.

कोकणात उलटी अडचण एप्रिल-मेमध्ये येते. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. तेव्हा हीटर काढून ठेवा आणि एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा.

लाइट गेली तर?

जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरची कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. एरवीही पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो.

एअर पंपाला जेमतेम ५ वॉट लागतात, इन्व्हर्टरवर तो आधी जोडा. त्यानंतर फिल्टर. हीटर इन्व्हर्टरवर नको, बॅटरी लगेच उतरते. बॅटरीवर चालणारा एक एअर पंप घरात असूच द्या. लाइट नसताना माशांना खायला घालू नका. निरोगी मोठे मासे एक-दोन दिवस उपाशी सहज राहतात.

कॅनिस्टर बरेच तास बंद राहिला असेल, तर तसाच सुरू करू नका. आत कोंडलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपून जिवाणू मरू लागतात आणि ते घाण पाणी थेट टाकीत येतं. आधी ते ओतून द्या, स्पंज आणि रिंग टाकीच्या पाण्यात हलकेच खळबळा, मगच बटण दाबा.

तेव्हा बजेट कमी असेल तर पैसे लावण्याचा क्रम असा ठेवा: चांगला फिल्टर, बॅटरीचा एअर पंप आणि सगळ्यात शेवटी हीटर.