वजनकाट्याचा निवाडा

पवना-मुळेच्या संगमालगतच्या दापोडीच्या मुलखातील जुन्या तालमींत पठ्ठ्याची प्रगती वस्ताद पारखीत, ती मानेची नि मांडीची घडण, जोर-बैठकांतील दम आणि मातीतील टिकाव पाहून. पुढे सरकारी दफ्तरांत उंची-वजनाचा तक्ता हाच हुकूम ठरला.

त्या तक्त्याला सबळ शह मिळाला तो १९४२ साली. अमेरिकन नौदलातील वैद्य आल्बर्ट बेन्के यांच्या पथकाने २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंना पाण्याखाली तोलून त्यांच्या देहाची घनता काढली, तेव्हा अतिवजनामुळे लष्करी सेवेस नालायक ठरणाऱ्या १७ जणांपैकी ११ जणांत मेद अल्पच असल्याचे सिद्ध झाले.

उलट बाजूचा दाखला, मला अधिक मोलाचा वाटणारा, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली: उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, मेद मात्र युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! सडपातळ भारतीयास मधुमेह का गाठतो, याचा मोठा उलगडा या अंकांत आहे. वाचकांनी वजनकाट्याइतकाच मान कमरेच्या मोजपट्टीस द्यावा.