शहरातील हिरवळ आणि रुग्णाचे स्वास्थ्य : कोलकात्याचे उदाहरण

शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घ आजारातून उठलेल्या रुग्णाला डॉक्टर बहुधा रोज थोडे चालण्याचा सल्ला देतात. तो पाळण्यासाठी घराजवळ सावली, सपाट वाट आणि टेकायला बाक लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला सुमारे २४ हजार लोकवस्ती असलेल्या कोलकात्यात अशी जागा सहजासहजी मिळत नाही. म्हणूनच तेथील उद्याने व तलावांचे जतन हा सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न आहे.

हिरवळ आणि प्रकृतीत होणारी सुधारणा यांच्या संबंधाचा एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांना खिडकीतून झाडे दिसत, तर उर्वरितांना विटांची भिंत. पहिल्या गटातील रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत, तर दुसऱ्या गटातील ८.७० दिवसांत घरी परतले. पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास लहान असला, तरी त्याने पुढील संशोधनाला दिशा दिली. मनावरील ताण हलका होणे, शारीरिक हालचाल वाढणे, उन्हाची तीव्रता कमी होणे आणि माणसांचा सहवास मिळणे, ही या लाभामागील प्रमुख कारणे मानली जातात.

दक्षिण कोलकात्यातील रवींद्र सरोवर हे याचे ठळक उदाहरण आहे. कलकत्ता सुधार न्यासाने १९२० च्या दशकात ढाकुरिया येथे हा तलाव खोदला. १९५८ मध्ये त्याला रवींद्रनाथ ठाकूर यांचे नाव देण्यात आले. पहाटे फिरणारे, व्यायाम करणारे आणि बाकांवर अड्डा जमवणारे ज्येष्ठ नागरिक हे येथील नित्याचे दृश्य आहे. शहराच्या मध्यभागी लष्कराच्या अखत्यारीतील विस्तीर्ण मैदान आहे, तर हुगळीपलीकडे शिबपूर येथे १७८७ मध्ये स्थापन झालेले वनस्पती उद्यान आहे.

या जागा केवळ असून भागत नाही, त्या राखाव्याही लागतात. मैदानावर भरणारा पुस्तक मेळा न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर २००७ मध्ये अन्यत्र हलवावा लागला. रवींद्र सरोवरातील छठपूजेस राष्ट्रीय हरित लवादाने मनाई केली. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात सवलत दिली नाही. श्रद्धेचा सार्वजनिक आविष्कार आणि तलावाचे आरोग्य यांचा मेळ घालण्यासाठी पर्यायी घाटांची व्यवस्था करावी लागली.

हिरवळ औषधोपचारांची जागा घेऊ शकत नाही. हिवाळ्यात पहाटे कोलकात्याची हवा अधिक प्रदूषित असते. त्यामुळे दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी फिरण्याची वेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवणे योग्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर सार्वजनिक हिरवी जागा असावी, असे सुचवले आहे. अशक्त रुग्णाच्या दृष्टीने उद्यानाच्या विस्ताराइतकेच हे अंतरही महत्त्वाचे असते.