बेथेल आणि बैतुल्लाह
इस्लाम व ख्रिस्ती धर्म यांच्या श्रद्धा : तुलना आणि इतिहास



आपली हिंगोली हे एके काळी छावणीचे गाव होते. निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे एक ठाणे कयाधूकाठच्या या गावी होते व ते 1903 पर्यंत टिकले. या फौजेचे वरिष्ठ अधिकारी इंग्रज, म्हणजे ख्रिस्ती. तर तिच्या घोडदळात दख्खनी मुसलमानांचा भरणा मोठा. एकाच मैदानावर दोघांची कवायत होई. तरी इंग्रजांच्या लेखी मुसलमान हा ‘मोहमेडन’ होता. ख्रिस्ताला भजणारा तो ख्रिस्ती, तेव्हा मुहंमदांना भजणारा तो मोहमेडन, असा हा सरळ हिशेब! वास्तविक कोणताही मुसलमान हजरत मुहंमद (स.) यांची इबादत करीत नाही. ते अल्लाहचे बंदे व रसूल आहेत, एवढेच आपण कलम्यात कबूल करतो.

दुसरीकडे, ख्रिस्ती लोक तीन देव मानतात, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. हेही ख्रिस्ती माणसाला मान्य नाही. छावणी उठली, सप्टेंबर 1948 मध्ये निजामी संपली, 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा झाला. पण एकमेकांच्या धर्माविषयीच्या ऐकीव समजुती मात्र अजून त्याच छावणीत मुक्काम ठोकून आहेत.

पालकहो, हा विषय आपल्या मुलांच्या रोजच्या जीवनाचा आहे. दहावी-बारावी झाली की आपली मुले-मुली नांदेडला, छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला शिकायला जातात. वसतिगृहात, रुग्णालयात, कचेरीत त्यांना ख्रिस्ती सोबती भेटतात. कोणी सहज विचारतो, “तुम्ही येशूला मानता का?” उत्तर ठाऊक नसले की मुलगा एकतर गप्प बसतो, नाहीतर मोबाईलवर ऐकलेला अर्धवट वाद घालतो. पहिल्याने त्याचा स्वतःवरचा विश्वास डळमळतो, दुसऱ्याने मैत्री तुटते. म्हणून दोन्ही धर्म कोठे एकत्र येतात आणि कोठे वेगळे होतात, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

साम्य कोठे आहे?

प्रथम नावेच पाहा. आपण ज्यांना इब्राहिम म्हणतो त्यांना मराठी बायबल अब्राहाम म्हणते. मूसा म्हणजे मोशे, दाऊद म्हणजे दावीद, सुलेमान म्हणजे शलमोन, यूसुफ म्हणजे योसेफ, याकूब म्हणजे याकोब, जकरिया म्हणजे जखऱ्या, आणि त्यांचे पुत्र यहया म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान. मरियम म्हणजे मरीया आणि ईसा म्हणजे येशू. आपल्या मोहल्ल्यातील निम्मी हजेरीपटावरची नावे अशी दोन्ही धर्मांच्या सामाईक वाड्यातील आहेत.

कुरआन शरीफमध्ये नावाने उल्लेख झालेली एकमेव स्त्री म्हणजे हजरत मरियम होय. एकोणिसाव्या सूरेला त्यांचेच नाव आहे. हजरत ईसा (अ.) यांचा जन्म पित्याविना, अल्लाहच्या आज्ञेने झाला, ते अल्लाहच्या परवानगीने आंधळ्यांना दृष्टी देत, कोड बरे करीत, मृतांना उठवीत, हे मुसलमान मानतो. त्यांना ‘मसीह’ म्हणतो आणि ते पुन्हा पृथ्वीवर येणार, अशी त्याची श्रद्धा असते. सारांश, हजरत ईसांना न मानणारा मुसलमान, मुसलमानच राहत नाही. वसतिगृहातील त्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे.

एक ईश्वर, त्याने निर्माण केलेली सृष्टी, फरिश्ते, पैगंबर, मरणोत्तर जीवन, न्यायाचा दिवस, स्वर्ग-नरक हे दोन्ही धर्मांत आहे. रोजा तुमच्या आधीच्या लोकांवरही फर्ज होता, असे कुरआनच सांगते. ख्रिस्ती लोकही ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. दानधर्म दोहोंकडे आहे.

भेद कोठे आहे?

आता भेद. तो लपवू नये. लपवलेल्या भेदातूनच पुढे संशय उत्पन्न होतो.

पहिला भेद ईश्वराच्या स्वरूपाविषयी. इस्लामचा पाया तौहीद : अल्लाह एक आहे, त्याला अपत्य नाही, त्याच्या जोडीचा कोणी नाही. ख्रिस्ती धर्मही ईश्वर एकच मानतो. परंतु त्या एका ईश्वरात पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती आहेत, असे तो सांगतो. यालाच त्रैक्य म्हणतात. ‘पुत्र’ हा शब्द ते शारीरिक अर्थाने वापरीत नाहीत. हे सूत्र शब्दबद्ध व्हायला काळ लागला. 325 साली नायसिया येथे व 381 साली कॉन्स्टँटिनोपल येथे ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदा भरल्या, तेथे ते पक्के झाले. मुसलमानाला हे त्रैक्य मान्य होणे शक्य नाही. पण ‘ते तीन देव मानतात’ असे म्हणणे वेगळे आणि ‘ते एका देवात तीन व्यक्ती मानतात, आम्ही तसे मानत नाही’ असे म्हणणे वेगळे. दुसरे वाक्य खरे आहे व त्याने कोणाचा अपमानही होत नाही.

दुसरा भेद क्रूसाविषयी. येशूला क्रूसावर मरण आले व तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला, हा ख्रिस्ती श्रद्धेचा कणा आहे. कुरआनानुसार त्यांना ठार मारण्यात आले नाही व सुळावरही देण्यात आले नाही. लोकांना तसे भासले आणि अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. येथे मधला मार्ग नाही.

तिसरा भेद पाप व मुक्ती यांविषयी. आदमच्या अवज्ञेने मानवजात पापात पडली आणि ख्रिस्ताच्या बलिदानाने तिचे तारण झाले, असे ख्रिस्ती शिकवण सांगते. इस्लाममध्ये आदमने तौबा केली व अल्लाहने ती कबूल केली. मूल निष्पाप जन्मते, कोणी कोणाचे ओझे वाहत नाही. ईमान, सत्कर्म आणि अल्लाहची कृपा यांतून नजात मिळते.

चौथा भेद ग्रंथाविषयी, आणि येथेच आपली मुले गोंधळतात. कुरआन हे मुसलमानाच्या दृष्टीने शब्दशः अल्लाहचे कलाम आहे. त्याची तुलना आपण सहजच बायबलशी करतो. परंतु ख्रिस्ती माणूस मत्तय, मार्क, लूक व योहान यांची शुभवर्तमाने ही ईश्वरी प्रेरणेने माणसांनी लिहिलेली मानतो. त्याच्या मते ईश्वराचा खरा ‘शब्द’ म्हणजे स्वतः येशू. म्हणजे आपल्या श्रद्धेत जे स्थान कुरआनाचे, ते त्यांच्या श्रद्धेत येशूचे आहे. ही एक गोष्ट ध्यानात आली तर निम्मे वाद सुरू होण्याआधीच मिटतात.

इतिहास काय सांगतो?

या भेदांसह माणसे एकमेकांशी कशी वागली, ते पाहू या. सन 615 च्या सुमारास मक्केतील छळाला कंटाळून काही मुसलमान हबशा देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला गेले. तेथील राजा नज्जाशी ख्रिस्ती होता. कुरैशांचे वकील त्यांना परत मागायला आले, तेव्हा हजरत जाफर यांनी दरबारात सूरे मरियमचे पठण केले आणि राजाने मुसलमानांना आसरा दिला. पुढे नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ मदीनेला आले, तेव्हा त्यांना पैगंबरांच्या मशिदीत त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू देण्यात आली, असे इब्न इसहाक या चरित्रकाराने नोंदवले आहे. चर्चेत एकमत झाले नाही. पण करार झाला व मंडळी सुखरूप घरी गेली.

आपल्या मुलखाजवळचे उदाहरण गोव्याचे. नोव्हेंबर 1579 मध्ये अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून अक्वाविवा, मोन्सेरात व हेन्रिकेश हे तीन जेझुइट पाद्री गोव्याहून निघाले आणि फेब्रुवारी 1580 मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी अनेक भाषांत छापलेले बायबलचे खंड भेट दिले, तेव्हा बादशहाने ते आदराने मस्तकी लावले, असे मोन्सेरातने लिहून ठेवले आहे. इबादतखान्यात कडाक्याचे वाद झाले. बादशहा ख्रिस्ती होईल ही पाद्र्यांची आशा फळाला आली नाही. परंतु पुढे आलेले पाद्री जेरोम झेवियर फारसी शिकले आणि अब्दुस सत्तार या मुसलमान विद्वानाच्या साह्याने त्यांनी 1602 मध्ये फारसीत येशूचे चरित्र लिहिले. वाद विरले, पुस्तक राहिले.

याच सुमारास, 24 ऑक्टोबर 1579 रोजी, थॉमस स्टीफन्स हे इंग्रज पाद्री गोव्यात उतरले. ते मराठी शिकले आणि 1616 मध्ये त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यानंतर 29 वर्षांनी, 1645 मध्ये, श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांनी आपला ‘योगसंग्राम’ हा मराठी ग्रंथ पुरा केला. संत नामदेवांची नर्सी ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यातील वाचकाला मराठीच्या या ऐसपैसपणाचा अभिमान वाटायला हरकत नाही.

इंग्रजी अमलात मात्र वादाला सत्तेची धार आली. 10 व 11 एप्रिल 1854 रोजी आग्रा येथे पाद्री फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांचा प्रसिद्ध जाहीर मुनाजरा झाला. मौलानांच्या बाजूला डॉ. वजीर खान होते. बायबलच्या पाठभेदांवर युरोपातील विद्वानांनीच लिहिलेली पुस्तके त्यांनी वाचली होती, आणि फांडर यांना या तयारीची कल्पना नव्हती. नक्कल करणाऱ्यांच्या हातून काही चुका झाल्याचे त्यांना कबूल करावे लागले. तरीही दोन्ही बाजूंनी आपलाच विजय झाल्याचे छापले! 1857 नंतर मौलाना मक्केला गेले. तेथे त्यांनी कलकत्त्याच्या सौलतुन्निसा बेगम यांच्या देणगीतून मदरसा सौलतिया स्थापन केला. विद्यार्थी मित्रांनो, त्या दोन दिवसांत मौलानांच्या बाजूची खरी ताकद आवाजात नव्हती, डॉ. वजीर खानांच्या वाचनात होती, हे विसरू नका.

सर सय्यद अहमद खान यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. 1862 पासून त्यांनी बायबलवर ‘तबयीनुल कलाम’ हे भाष्य प्रसिद्ध केले. एका मुसलमानाने बायबलवर सहानुभूतीने लिहिलेले भाष्य ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. अनेक उलमांना त्यांची मते पटली नाहीत. पण याच माणसाने 1875 मध्ये अलीगढची शाळा काढली, जिचे पुढे कॉलेज व विद्यापीठ झाले. (त्या कॉलेजाच्या इंग्रजी नावातही तो ‘मोहमेडन’ शब्द होताच!) त्या कॉलेजात 1888 ते 1898 या काळात टी. डब्ल्यू. अर्नोल्ड हे ख्रिस्ती प्राध्यापक होते. इस्लाम तलवारीच्या नव्हे तर उपदेशाच्या बळावर पसरला, हे साधार मांडणारा त्यांचा ग्रंथ 1896 मध्ये निघाला. मुसलमानाने बायबलवर भाष्य लिहिले आणि ख्रिस्ती प्राध्यापकाने इस्लामच्या प्रसाराचा इतिहास लिहिला. दोघांनीही आपला धर्म सोडला नाही.

आपल्या भाषेत हेच काम विनोबांनी केले. कुरआन मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले आणि ‘कुराण-सार’ व ‘ख्रिस्तधर्म-सार’ अशी दोन्ही संकलने त्यांनी सिद्ध केली.

जालन्याचे बेथेल

आता पुन्हा मराठवाड्यात येऊ. 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांची एक वसाहत वसवली. त्यासाठी जमीन दिली ती निजामाचे दिवाण पहिले सर सालारजंग यांनी, म्हणजे मुसलमानी राज्याच्या मुसलमान दिवाणाने. त्या गावाला नाव मिळाले ‘बेथेल’.

हा शब्द हिब्रू आहे. ‘बेथ’ म्हणजे घर, ‘एल’ म्हणजे ईश्वर. बेथेल म्हणजे ईश्वराचे घर. हिब्रू आणि अरबी या बहिणी भाषा. हिब्रूतील ‘बेथ’ तोच अरबीतील ‘बैत’, आणि ‘एल’ हा ‘इलाह’चा भाऊ. म्हणजे मक्केतील काब्याला आपण ज्या नावाने ओळखतो, त्या ‘बैतुल्लाह’चा अर्थही तोच. ख्रिस्ती शेषाद्रींचे बेथेल आणि आपले बैतुल्लाह एक नव्हेत, त्यांच्या वाटाही एक नाहीत. पण दोन्ही नावे एकाच घराण्यातील आहेत. साम्य आणि भेद ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, हे यापेक्षा सोप्या रीतीने कसे सांगावे?

पालकहो, दुसऱ्याचा धर्म समजून घेतल्याने मूल आपल्या धर्मापासून दूर जाईल, अशी भीती काहींना वाटते. वर आलेले अनुभव उलट सांगतात. डॉ. वजीर खान, सर सय्यद, अर्नोल्ड हे सारे दुसऱ्याचे वाचूनही आपापल्या जागी ठाम राहिले. डळमळतो तो न वाचणारा, कारण त्याचा आधार दुसऱ्याची चेष्टा एवढाच असतो. तेव्हा मुलांना प्रथम आपली श्रद्धा अर्थासह शिकवा, नुसती पाठ करवू नका. मग शेजाऱ्याची श्रद्धा त्याच्या ग्रंथातून व त्याच्या तोंडून ऐकू द्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही एक कसोटी कायम जवळ ठेवा. दुसऱ्याच्या धर्माविषयी तुम्ही जे वाक्य बोलाल, ते ऐकून त्या धर्माच्या माणसाने “होय, आम्ही असेच मानतो” असे म्हटले पाहिजे. तेवढे जमले, की त्यानंतर “आम्ही मात्र असे मानतो” हे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि समोरचाही ते ऐकून घेईल.